पाहुण्याला पाठ दाखवू काय?

आमच्या घरून पाहुणे निघाले की आमची पोरं आधी जाऊन लिफ्टचं दार धरून ठेवतात. "पापा का अभी टाइम लगेगा," असं पाहुण्यांदेखत सांगतात. पोरांना मराठी सगळं कळतं, पण माझा अपमान ती हिंदीतच करतात. मी पाहुण्यांबरोबर खाली उतरतो, गाडीपर्यंत जातो, गाडीच्या बाजूनं चालत फाटकापर्यंत जातो, आणि ती वळणावर दिसेनाशी होईस्तोवर हात हलवत उलट्या पावलांनी परत येतो. मागच्या दिवाळीत असाच येता येता मी चौकीदाराच्या खुर्चीत जाऊन बसलो. खुर्चीत चौकीदार होता.

बायको म्हणते, "गार्डकाकांकडून घेण्यासारखं किती होतं! पहाटे उठणं होतं, दोन घास कमी खाणं होतं. तुम्ही नेमकं हे उचललं."

उचललं खरं. पण ते का उचललं, हे सांगायचं तर गार्डकाका सांगावे लागतील, आणि त्यांनी निगमवर, म्हणजे इथल्या महापालिकेवर, केलेला दावाही सांगावा लागेल.

रायपूर तेव्हा नुकतं छत्तीसगढची राजधानी झालं होतं आणि माझ्या ऑफिसनं मला नागपूरहून उचलून इथं आणून टाकलं होतं. राजधानी झाल्याबरोबर घरमालकांच्या मिशा वर गेल्या होत्या. त्यात बूढापारा मोहल्ल्यातल्या एका गल्लीत, तलावाच्या अगदी जवळ, काकांनी मला माडीवरची खोली दिली. त्याचं कारण त्यांनी मला पुढे सांगितलं. खोली पाहून मी जायला निघालो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी थांबून मी वळून पाहिलं होतं. "जो माणूस वळून पाहते, तो घरात राहण्यालायक असते," असं त्यांचं मत. छत्री राहिली की काय म्हणून मी वळलो होतो, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. छत्री मुळात नागपूरलाच राहिली होती.

काका रेल्वेत गार्ड होते. उभी नोकरी शेवटच्या डब्यात झालेली. ते म्हणत, "ड्रायव्हरले टेशन येताना दिसते, गार्डले जाताना दिसते. येणाऱ्याकडे तर सारेच पाहतात रे पोट्ट्या. जाणाऱ्याकडे कोण पाहते?" हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की पुढे मी ते माझं म्हणून ऑफिसातल्या एका निरोप समारंभात ठोकून दिलं. टाळ्याही पडल्या.

निवृत्त झाल्यावरही त्यांचा शेवटचा डबा सुटला नव्हता. लग्नात ते शेवटच्या पंगतीला बसत, बसमध्ये मागच्या बाकावर, आणि फोटोत अगदी कडेला. कित्येक फोटोंत त्यांचा नुसता कान आलेला आहे. पण खरा गार्ड जागा होई तो पाहुणा उठला की. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती एक मुलगी पुण्याला दिलेली. पण घरात माणसांची ये-जा असे, आणि आलेला प्रत्येक माणूस गाडीसारखा सोडला जाई. उंबऱ्यावर तपासणी होई. "पाणी प्याले? चपला आपल्याच घातल्या? किल्ली? चष्मा? पोराले घेतलं?" हा शेवटचा प्रश्न विनोदासाठी नव्हता. एकदा एक कुटुंब आपलं पोर आतल्या खोलीत झोपलेलं विसरून पार सदर बाजारापर्यंत गेलं होतं. सगळं ठीक असलं की काका म्हणत, "लाइन क्लिअर." मग गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत येत, गळ्यातली जुनी शिट्टी फुंकत, आणि हात वर करून उभे राहत. आमची गल्ली तलावाच्या रस्त्याला नाकासमोर मिळत होती, त्यामुळे जाणारा माणूस बराच वेळ दिसे. तो दिसतो आहे तोवर पाठ फिरवायची नाही, हा काकांचा कायदा. घरी तर परतायचंच असे. मग ते हात वर ठेवूनच उलटे चालत घरापर्यंत येत. गल्लीतली कुत्रीसुद्धा शिट्टी ऐकली की भिंतीला लागून त्यांना वाट देत.

जनगणनेवाल्या बाईंना हा कायदा माहीत नव्हता. त्यांनी काकांची माहिती लिहून घेतली, चहा घेतला, निघाल्या. काका पोचवायला निघाले. बाई शेजारच्या घरी थांबल्या. आता पाहुणी अजून दिसते आहे, तर परतणार कसं? काका तिथं थांबले. बाई पुढच्या घरी गेल्या, काका पुढच्या घरी. त्या दिवशी मोहल्ल्यातल्या कुणाकडे किती माणसं आणि कुणाचं खरं वय काय, हे सरकारच्या आधी काकांना कळलं. बाई शेवटी रडवेल्या होऊन म्हणाल्या, "बाबूजी, आप जाइए ना!" काका म्हणाले, "पहले आप."

मग माझं लग्न झालं, आम्ही टिकरापाऱ्यात घर घेतलं, आणि भाडेकरूचा मी पाहुणा झालो. रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं स्कूटरवरून त्यांच्याकडे जात असू. नेमका आमच्याच निरोपाच्या वेळी तो प्रकार घडला.

राजधानी म्हणजे काय, तर खोदकाम, अशी तेव्हा आमची समजूत झाली होती. कुठंही विचारा, "काहून खोदलं?" की उत्तर ठरलेलं, "राजधानी बन रही है भैया." काकांच्या गल्लीत नवी नाली घालायला चांगला खोल आडवा चर खणला होता आणि जाण्यायेण्यापुरती त्यावर फळी टाकली होती. त्या रविवारी आम्ही निघालो, तपासणी झाली, लाइन क्लिअर मिळाली. काका आमच्याबरोबर त्या फळीवरूनच गल्लीच्या तोंडापर्यंत आले. शिट्टी झाली. तिथं लावलेली स्कूटर मी चालू केली. पुढे जाताना आरशात काका दिसत होते, हात वर, उलटे उलटे घराकडे चाललेले. मग आरशात नुसती गल्ली दिसायला लागली.

मला वाटलं, आरसा हलला. मी तो नीट केला. गल्लीच दिसली.

झालं होतं ते असं. काका तिकडे तोंड करून आम्हाला हात हलवत होते, तेवढ्यात ठेकेदाराच्या मजुरांची सुट्टी झाली, आणि जाताना ते आपली फळी उचलून घेऊन गेले. ना आडवा बांबू, ना कंदील, ना चिंधी. काका उलटे चालत आले आणि उभेच्या उभे चरात गेले. आम्ही धावत परत आलो तर चरातून हात तेवढा वर आलेला दिसत होता. आम्हाला पाहून आतून म्हणाले, "तुम्ही काहून आले परत? स्कूटर लॉक केली काय?"

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. पुण्याहून ताई आली, म्हणजे त्यांची मुलगी. ताईनं पुण्यात राहून आपली भाषा धुऊन-इस्त्री करून घेतली होती, पण राग आला की घडी मोडायची.

दवाखान्यात ती म्हणाली, "बाबा, आता पुरे झालं. तुमचं वय झालंय. एकटं राहायचं नाही. घराला कुलूप लावू आणि माझ्याकडे चला."

"वयानं नाही पडलो मी. नालीत पडलो."

"उलटे चालत होतात!"

"चाळीस वर्षं उलटाच चालून राहिलो. तेव्हा काहून नाही पडलो? तेव्हा नाली नोयती."

"सगळे म्हातारे असंच म्हणतात, बाबा."

हे शेवटचं वाक्य काकांना हाडापेक्षा जास्त लागलं. त्यांनी उशीवरून मान उचलली. मग म्हणाले, "निगमनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, का चूक त्याहिची हाय, तर?"

"तर मी पुण्याचं नावसुद्धा काढणार नाही," ताई म्हणाली. "पण नाही केलं कबूल, तर मुकाट्यानं चलायचं."

"हव," काका म्हणाले. माझ्याकडे आणि माझ्या बायकोकडे पाहून म्हणाले, "तुम्ही साक्षीदार."

तर दावा पैशासाठी नव्हता. ते घर, ती गल्ली, तो तलावाकडचा सरळ रस्ता आपला राहतो की जातो, एवढाच तो दावा होता. हे वकिलाला सांगायची सोय नव्हती. सदर बाजारातले आमचे वकील पक्षकाराची ही असली भावना पाहून घाबरले असते.

कोर्टात निगमच्या वकिलानं काकांना विचारलं, "आप उल्टे चल रहे थे?"

आमचे वकील खाकरले. काकांना त्यांनी आधीच बजावलं होतं की उलट्या चालण्याचं नाव काढू नका. काका म्हणाले, "हव. उल्टा ही चल रहा था."

"क्यों?"

"मेहमान को पीठ दिखाऊँ क्या?"

न्यायाधीशांनी मान खाली घातली. हसू लपवायला असावी.

"जाते समय तो नाली दिखी होगी?"

"जाते बखत उस पर पटिया था. लौटते बखत पटिया नहीं था. लाल झंडी भी नहीं थी. रेलवे में एक हाथ पटरी खोदो तो लाल झंडी लगती है, साहब."

"लेकिन देखकर चलना आपका काम था!"

"गार्ड पीछे देखता है, वकील साहब. आगे देखने का काम ड्राइवर का."

"तो ड्राइवर कौन था?"

"सड़क किसकी है? निगम की. तो ड्राइवर निगम."

यावर कोर्टातले पंखे सोडून सगळे हसले.

मग माझी साक्ष झाली. मी आयुष्यात पहिल्यांदा कोर्टात उभा राहत होतो आणि बायकोनं इस्त्री केलेला शर्ट घालूनही मीच आरोपी दिसत होतो. मी सांगितलं की मी काकांना आरशात उलटं चालताना पाहिलं आणि मग आरशात नुसती गल्ली राहिली. आमच्या वकिलांच्या डोळ्यांत एकदम चमक आली. ते उठून म्हणाले, "आरशात सगळं उलट दिसतं. म्हणजे माझे पक्षकार उलटे चालताना दिसले, तर वास्तविक ते सरळ चालत होते!" मला क्षणभर हे पटलं. मी हो म्हणणार, इतक्यात मागून काकांचा आवाज आला, "ए पोट्ट्या, खरं सांग. उलटाच चालत होतो मी!" मी खरं सांगितलं. वकिलांनी बाहेर आल्यावर आम्हाला चहासुद्धा विचारला नाही.

मग तारखांवर तारखा. काका वॉकर धरून चालायला लागले, आणि चालता यायला लागल्याबरोबर पाहुणे पोचवायला लागले. वॉकर धरून उलटं चालता येतं, हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. नाली बांधून झाली होती, पण वरचे झाकण-दगड आलेच नव्हते. फळी तेवढी परत आली होती. कधी असे, कधी नसे.

शेवटी निगमला समझोता करावासा वाटला. ताई तेव्हा इथंच होती, तिनं तर काकांची बॅगसुद्धा माळ्यावरून काढली होती. एका रविवारी संध्याकाळी निगमचे एक इंजिनिअरसाहेब कागद घेऊन काकांकडे आले. गोल चेहऱ्याचा, कपाळावर घाम असलेला, बोलायला गोड माणूस. आम्ही दोघंही होतोच. चहा झाला, चिवडा झाला. साहेबांनी कागद वाचून दाखवला. दवाखान्याचा सगळा खर्च निगम देणार होतं, वर काही रक्कमही देणार होतं. फक्त सुरुवातीला एक ओळ होती. 'निगम अपनी कोई गलती न मानते हुए, केवल सद्भावना से...'

"थांबा," काका म्हणाले. "गलती न मानते हुए?"

"वो तो बाबूजी, हर समझौते में लिखते हैं. लिखना पड़ता है."

"तो फिर मेरी गलती हुई?"

"किसी की नहीं हुई, बाबूजी."

"मग मी काय हवेनं पडलो?"

साहेबांनी ताईकडे पाहिलं. ताईनं काकांकडे पाहिलं. तिचा आवाज मऊ झाला होता. म्हणाली, "बाबा, सही करा. एवढं देताहेत ते. आणि ठरल्याप्रमाणे... चला ना आता."

 भिंतीवरच्या खुंटीला काकांची शिट्टी टांगली होती, तिच्याकडे ते पाहत बसले. माझी बायको डोळे पुसायला स्वयंपाकघरात गेली. मी चिवडा खात राहिलो. कठीण प्रसंगी मला दुसरं काही सुचत नाही.

"सोच लीजिए बाबूजी, मैं फिर आऊँगा," म्हणत साहेब उठले.

आणि काकाही उठले. खुंटीवरची शिट्टी काढून गळ्यात घातली, वॉकर ओढला. "पानी पिए? चश्मा? कागज? गाड़ी की चाबी?"

साहेब गोंधळून खिसे चाचपत हो-हो म्हणाले. काका म्हणाले, "लाइन क्लिअर."

गल्लीत ओट्या-ओट्यांवर माणसं बसलेली होती. पुढे साहेब, मागे वॉकर ठोकत काका. फळी होती. दोघंही तिच्यावरून पार झाले. गल्लीच्या तोंडाशी साहेबांची मोटरसायकल होती. साहेबांनी ती सुरू केली, नमस्कार केला, शिट्टी झाली, ते निघाले. काही अंतरावर गेल्यावर त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी वळून पाहिलं. दावा लावलेला, मोडक्या खुब्याचा म्हातारा वॉकर धरून, त्यांच्याकडे तोंड करून, त्यांच्याच खात्याच्या नालीकडे उलटा उलटा चालला होता.

साहेबांनी गाडी तिथंच टाकली आणि धावत आले. "बाबूजी! रुकिए! पीछे नाली है!" काकांना दंडाला धरून त्यांनी फळी पार करवली, थेट दारापर्यंत आणून सोडलं. "अब आप अंदर जाइए."

काका म्हणाले, "आप फिर घर तक आ गए. मतलब फिर मेहमान हो गए." आणि वॉकर वळवला. "पानी पिए?"

पुन्हा वरात निघाली. पुन्हा फळी, पुन्हा गल्लीचं तोंड, पुन्हा शिट्टी. या वेळी साहेब मोटरसायकलपर्यंतसुद्धा पोचले नाहीत. चार पावलांवर वळून पाहिलं, हात कपाळाला लावला, आणि परत. एव्हाना ओट्यांवरची माणसं उभी राहिली होती. कुणी म्हणालं, "भैया, जल्दी मत करो, बाबूजी को आदत है." एका बाईंनी साहेबांना पाण्याचा पेला आणून दिला. ताई दारात कमरेवर हात ठेवून उभी होती आणि तिची पुण्याची घडी पार मोडली होती. "अवो बाबा, काहून त्या मानसाले सतावून राहिले!"

"मी काहून सतावू? मी पोचवून राहिलो."

"आप अंदर जाएँगे तब मैं जाऊँगा," साहेब म्हणाले.

"आप जाएँगे तब मैं अंदर जाऊँगा," काका म्हणाले.

तिसऱ्या फेरीला काका उलटे येत असताना वॉकरचा एक पाय फळीच्या कडेवरून घसरला. साहेबांनी झडप घालून काकांना मिठीच मारली. दोघं तसेच फळीवर उभे, खाली काळी नाली, आणि फळी दोघांच्या वजनानं मधोमध वाकलेली. साहेबांनी प्रथमच नीट खाली पाहिलं. त्यांच्या तोंडची ऑफिसची हिंदी एकदम गळून पडली आणि घरची छत्तीसगढी बाहेर आली.

"अरे बबा! इहाँ तो कोनो भी गिर जाही!" ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले. "हमर गलती हे बबा, हमर गलती हे! तँय भीतर जा!"

 काका साहेबांच्या मिठीतूनच मान वळवून दाराकडे पाहत म्हणाले, "ऐकलं काय?"

ताईचे कमरेवरचे हात खाली आले. मग म्हणाली, "ऐकलं, बाबा."

"तुम्ही?"

"ऐकलं," मी आणि बायको एकदमच म्हणालो. ओट्यांवरूनही दोन-चार "हव, हव" आले.

काकांनी घरात येऊन कागद मागितला आणि न वाचता सही केली. साहेब घाम पुसत म्हणाले, "बाबूजी, वो लाइन तो वैसी ही है." काका म्हणाले, "रहने दो. कागज में तुम्हारी इज्जत, गली में मेरी." त्या दिवशी मात्र साहेबांना त्यांनी उंबऱ्यावरूनच निरोप दिला. साहेबांनी हात जोडून तेवढंच मागितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ट्रॅक्टर भरून झाकण-दगड आले. काम होईस्तोवर मजुरांनी नालीच्या दोन्ही टोकांना बांबू रोवले आणि त्यांना कुणाचे तरी लाल गमछे बांधले. साहेबांचा तसा हुकूमच होता म्हणे. काका ओट्यावर खुर्ची टाकून दिवसभर ते गमछे पाहत बसले. लाल झेंडीकडे इतक्या आनंदानं पाहणारा रेल्वेचा माणूस दुसरा झाला नसेल.

ताई आठवड्याच्या शेवटी पुण्याला निघाली, एकटीच. काकांची बॅग पुन्हा माळ्यावर गेली होती. आम्ही गेलो होतो. उंबऱ्यावर तपासणी झाली. पाणी, तिकीट, चष्मा, डबा. काका वॉकर ओढायला लागले तशी ताई म्हणाली, "बाबा, आज तुम्ही इथंच थांबायचं. माझ्यासाठी." ते थांबले. मी तिची बॅग घेऊन पुढे झालो. मागून पावलांचा आवाज येईना तसा मी वळून पाहिलं.

ताई उलटी चालत होती. पुण्यात फ्लॅट असलेली, साडीला पिन लावलेली बाई, दारातल्या वॉकरवाल्या म्हाताऱ्याकडे तोंड करून एकेक पाऊल मागे टाकत गल्लीच्या तोंडाकडे येत होती. हात वर केलेला. काकांनी शिट्टी तोंडाशी नेली होती, ती तशीच राहिली.

"मागं पाह्य गं पोट्टे!" ते ओरडले. "नाली हाय मागं!"

"नाही, बाबा," ताई हात हलवत, न वळता म्हणाली, "बुजली न ती. तुमीच बुजवली."

तिनं दगडावर टाच ठेवली. दगड हलला नाही.

मग शिट्टी झाली.